लॅबमधले पाचारण



पाचारण रविवारच्या मिस्सानंतर सहसा माझ्याकडे कोणी येत नाही. त्या दिवशीचे प्रवचन आपण सारे शांतपणे ऐकतो, आपल्या धर्मग्रामातून धर्मगुरू व धर्मभगिनी मिळाव्यात म्हणून मनापासून प्रार्थना करतो आणि 'पण प्रभो, शेजारच्या घरातून' अशी पुस्ती मनात जोडून घरी जातो. यंदा मात्र एक तरुणी ऑफिसात आली. बसायला सांगितले तरी उभीच राहिली.

"फादर, तुम्ही आज म्हणालात की संसारी माणसालाही पाचारण असते. उदाहरणे दिलीत ती शिक्षकाची, डॉक्टरची आणि नर्सची. मी लॅबमध्ये आहे. मला कोणी बोलावले?"

ही काही प्रायश्चित्त संस्कारातली गोष्ट नव्हे. जे लिहितो आहे ते तिच्या परवानगीने, आणि ती ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलून.

तिची हकिगत आपल्या भागातल्या पुष्कळ मुला-मुलींची आहे. बारावी सायन्स केले, डॉक्टर व्हायचे होते, मार्क कमी पडले. नर्सिंगला जाते म्हणाली तर रात्रपाळी नको म्हणून घरचे अडून बसले. शेवटी कोणीतरी डीएमएलटीचे नाव सुचवले. जवळ होते, फी परवडणारी होती, नोकरी लवकर लागते असे सांगितले गेले. आता आठ वर्षे झाली. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग, दंडाला रबरी पट्टा, सुई, नळ्या, नळ्यांवर नावे, मग आतल्या खोलीत मशीन. लोक तिला 'रक्त काढणारी मुलगी' म्हणतात. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते. ती तशीच असायला हवी हे सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि त्यात काही वावगे नाही. पण त्यामुळे हिचे नाव कुठेच नसते. "डॉक्टरचे लोक आभार मानतात, नर्सला पेढे देतात," ती म्हणाली. "मला सगळे एवढेच विचारतात, दुखणार नाही ना?"

मी तिला तेव्हा जे उत्तर दिले त्याची आज मला लाज वाटते. म्हणालो, कोणतेही काम देवासाठी केले की ती सेवाच असते. तिने मान हलवली आणि म्हणाली, "हे तुम्ही रिक्षावाल्यालाही सांगाल, फादर." खरे होते. जे उत्तर सगळ्यांना लागू पडते ते पुष्कळदा कोणालाच दिलेले नसते. तिला तिच्या कामाबद्दल उत्तर हवे होते. ते त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. "पुन्हा ये," एवढेच म्हणालो. ती दोनदा आली. त्या बोलण्यातून माझ्या मनात जे तयार झाले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम 'मला हे नको होते' या तिच्या खंतीबद्दल. पाचारण म्हणजे लहानपणापासून मनात असलेली ओढ, अशी आपली समजूत झाली आहे. आणि आम्ही धर्मगुरूच ती पसरवतो. दीक्षाविधीच्या सोहळ्यात नवा फादर सांगतो की मी सात वर्षांचा असताना वेदीसेवक होतो, तेव्हाच ठरवले. ऐकायला गोड वाटते. पण पवित्र शास्त्र उघडून पाहा, हौसेने आलेला माणूस फारसा सापडत नाही. मोशे जिभेचे जडत्व पुढे करतो. योना उलट दिशेच्या गलबतात चढतो. आमोस तर सरळ सांगतो की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मी गुरे राखणारा आणि उंबराची झाडे सांभाळणारा माणूस. आपल्या वाडीतला कोणी बोलावा तसे. आणि माझे स्वतःचे म्हणाल तर मी सेमिनरीत गेलो तो एका मित्राच्या मागोमाग. दोन वर्षांनी मित्र घरी परतला, मी राहिलो. का राहिलो हे कळायला मला आणखी बरीच वर्षे लागली. तेव्हा आपण कोणत्या दाराने आत आलो यावरून पाचारण ठरत असेल तर माझीही पंचाईत आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात एक पूर्ण प्रकरण या गोष्टीला दिले की पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे. साठ वर्षे होऊन गेली. पण अजूनही आपण पाचारण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे झगाच येतो.

आता तिच्या कामाकडे वळतो. दुसऱ्या भेटीत तिने एक प्रसंग सांगितला. पावसाळा होता, डेंग्यूची साथ होती, लॅबमध्ये उभे राहायला जागा नव्हती. एका मुलाच्या रक्तात मशीनने प्लेटलेट चाळीस हजारांच्या आसपास दाखवल्या. दीड लाखाच्या खाली आले की घरचे घाबरतात. चाळीस हजार म्हटल्यावर तर ते प्लेटलेटच्या पिशव्या शोधायला धावणार. हिला आकडा खटकला. मुलगा स्वतःच्या पायांनी चालत आला होता, आदल्या दिवशीचा आकडा चांगला होता. तिने नळी उचलून उजेडात धरली, एक काडी आत फिरवली. काडीला लहानशी गाठ लागली. रक्त नळीत घेतल्यावर ती नळी हलक्या हाताने उलटसुलट करावी लागते, म्हणजे आतले औषध नीट मिसळते. गर्दीत ते राहून गेले असेल, तर रक्त थोडे गोठते, प्लेटलेट त्या गाठीत अडकतात आणि मशीनला उरलेल्याच मोजता येतात. मशीन खोटे बोलत नव्हते. त्याच्यापुढे जे आले ते त्याने मोजले.

ती मालकांना म्हणाली, मुलाला पुन्हा बोलवायला हवे. मालक म्हणाले, मशीनने दिला तो आकडा जाऊ दे. पुन्हा बोलावले तर आपली चूक झाली असे होते, नाव खराब होते. तिने ऐकले नाही. स्वतः फोन केला. बाप मुलाला घेऊन रिक्षाने आला, चिडलेला. दुसऱ्या नळीत आकडा दीड लाखाच्या वर निघाला. बाप म्हणाला, "तुम्हाला नीट काम करता येत नाही का?" मालकही रागावले. ज्या दिवशी तिने सर्वांत चांगले काम केले त्या दिवशी तिला दोन्हीकडून बोलणी बसली. (कोणती लॅब, हे मी विचारले नाही आणि तुम्हीही अंदाज बांधू नका.)

ती हे तक्रार म्हणून सांगत होती. मला मात्र ऐकताना सेमिनरीतला तत्त्वज्ञानाचा वर्ग आठवला. सत्य म्हणजे काय, तर वस्तू आणि बुद्धी यांचा मेळ, ही संत थॉमस अक्वायनस यांची व्याख्या आम्ही परीक्षेसाठी घोकली होती. त्यापुढचा मुद्दा आमच्यापैकी बहुतेकांनी परीक्षा संपताच सोडून दिला. संत थॉमस म्हणतात की सत्य खऱ्या अर्थाने निवाड्यात असते. डोळ्याला रंग दिसतो, पण 'हे असे आहे' असे डोळा म्हणत नाही. ते बुद्धी म्हणते, आणि म्हणताना ती स्वतःला बांधून घेते. तेव्हा तो आमच्यासाठी केवळ सिद्धान्त होता. आता या मुलीने मला त्याचा अर्थ सांगितला. मशीनपाशी आकडा होता. सत्य त्या खोलीत आले ते हिने नळी उजेडात धरली तेव्हा. आकड्याकडे पाहून 'हे असे नसावे' असे म्हणायला एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला थोडा त्रास सोसायची तयारी लागते.

मी तिला विचारले, असे किती वेळा होते? ती हसली. म्हणाली, "रोज होते, पण एवढे मोठे नसते." मग तिने मला तिच्या जगातल्या बारीकसारीक गोष्टी सांगितल्या, आणि खरे सांगतो, त्या तासाभरात मी जितके शिकलो तितके पुष्कळ शिबिरांत शिकलो नाही. साखरेचे रक्त वेगळ्या नळीत घ्यावे लागते, नाहीतर पेशी नळीतच साखर खात राहतात आणि दुपारपर्यंत मधुमेहाचा माणूस कागदावर बरा होतो. सुईतून रक्त जोराने ओढले की लाल पेशी फुटतात, त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि धडधाकट माणसाचा रिपोर्ट भीतिदायक दिसतो. नळीवर नाव लिहायचे ते पेशंट समोर असतानाच, त्याच्या तोंडून त्याचे नाव ऐकून, "तुम्ही अमुकच ना?" असे विचारायचे नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. रक्तगटाच्या नळीवर चुकीचे नाव गेले तर माणूस जाऊ शकतो.

आणि शंभर फील्डची गोष्ट. टीबीसाठी आता नवी यंत्रे आली आहेत, तरी थुंकीची काचपट्टी मायक्रोस्कोपखाली पाहणे बंद झालेले नाही. मायक्रोस्कोपमधून एका वेळी काचपट्टीचा जेवढा गोल तुकडा दिसतो त्याला ते फील्ड म्हणतात. जंतू दिसला तर सांगणे सोपे. पण 'जंतू नाहीत' असे लिहायचे असेल तर किमान शंभर फील्ड पाहावी लागतात. पट्टी सरकवायची, बघायचे, पुन्हा सरकवायची. मान अवघडते, डोळे चुरचुरतात. आणि बहुतेक वेळा शंभराव्या फील्डमध्येही काही नसते. तिसाव्या फील्डपाशी उठून 'निगेटिव्ह' लिहिले तरी उत्तर बहुधा तेच येते. सरकारी कार्यक्रमात काही पट्ट्या पुन्हा तपासल्या जातात, हे खरे. पण सगळ्या नाहीत.

मी तिला विचारले, "तू शंभर बघतेस?"

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आता बघते. पहिल्या वर्षी नव्हते बघत."

काय बदलले ते तिला नीट सांगता आले नाही. कोणी ओरडले नव्हते. चूकही सापडली नव्हती. एका दुपारी साठाव्या-सत्तराव्या फील्डनंतर दोन लाल काड्या दिसल्या, एवढेच. तिला वाटले, आपण रोजच्यासारख्या उठलो असतो तर? त्या माणसाचे तोंडही तिने पाहिले नव्हते; डबीवर एक नाव होते. त्या दिवसानंतर मधूनच उठणे तिला जमेना.

बंधुभगिनींनो, तुला कोणी बोलावले, या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. देवाची हाक ऐकू येण्यासाठी शमुवेलसारखे मंदिरात झोपलेले असावे लागत नाही. त्या डबीवरच्या नावाने तिला बोलावले. दयाळू शोमरोन्याने वाटेवर पडलेला माणूस डोळ्यांनी पाहिला, त्याच्या जखमा पाहिल्या, म्हणून त्याला कळवळा आला. ज्याचे तोंडच दिसत नाही त्याच्यासाठी थांबणे मला त्याहून अवघड वाटते. त्यात कळवळ्याचीही मदत नसते. फक्त विवेकबुद्धी असते आणि एक नाव.

एक जुनी घटना सांगण्यासारखी आहे. आपल्या मुंबईशी तिचा संबंध आहे. परळची हाफकिन संस्था आपण सारे जाणतो. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगवरची लस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोल्यांत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातल्या मुलकोवाल या गावी शंभरावर लोकांना लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्व एकाच बाटलीतून टोचलेले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले, आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. त्या सकाळी गावात बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. चिमटा पडणे हा गुन्हा नव्हे, कोणाच्याही हातून पडेल. पण तो उचलल्यानंतरच्या दोन-चार क्षणांत काय घडले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. रांग खोळंबली असेल. कोणी घाई करत असेल. 'एवढ्याने काय होते' असे त्याला वाटले असेल. एकोणीस माणसे गेली, आणि एका निरपराध शास्त्रज्ञाची पाच वर्षे.

मला वाटते, माणसाचे पाचारण अशा क्षणांत असते. आम्हा धर्मगुरूंचेही. रिकाम्या चर्चमध्ये एकट्याने म्हणायची प्रार्थना मी पूर्ण म्हणतो की पाने उलटतो, हे कोणी तपासत नाही.

तिला मी आणखी एक गोष्ट सांगितली, तिला ती ठाऊक नव्हती. लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपण मिस्सात फार कमी ऐकतो, आणि ऐकला तरी कंटाळतो. अंगावर चट्टा उठला की माणसाने याजकाकडे जायचे. याजक तो चट्टा पाहायचा: केस पांढरे झालेत का, डाग त्वचेहून खोल आहे का. खात्री नसेल तर सात दिवस त्या माणसाला वेगळे ठेवायचे, मग पुन्हा पाहायचे. अजून शंका असेल तर आणखी सात दिवस. याजकाच्या हाती औषध नव्हते. बरे करणे त्याचे काम नव्हतेच. नीट पाहणे आणि पाहिले ते सांगणे, एवढेच. घाईने 'अशुद्ध' म्हटले तर एक निरोगी माणूस घरादाराला मुकणार. घाईने 'शुद्ध' म्हटले तर गाव धोक्यात. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे पाठवले ते याचसाठी: बरे केले त्याने, पण ते बरे झाले आहेत हे पाहून सांगणारा कोणी लागतोच, नाहीतर गाव त्यांना आत घेणार नाही. मी तिला म्हटले, "पोरी, आमचे जुने काम आता तू करतेस." तेव्हा कुठे ती खुर्चीवर बसली.

पण इथे थांबलो तर मी अर्धेच बोललो असे होईल. पाचारण हा शब्द मालकांनाही फार आवडतो. 'हे सेवेचे क्षेत्र आहे' असे म्हणून बारा तास राबवून घेणे, पगार वाढवायचा नाही, हातमोजे मोजून द्यायचे, हे आपल्या भागात चालते. तसे करणारे काही जण रविवारी आपल्याच बाकांवर बसलेले असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे ठासून सांगितले आणि न्याय्य वेतन ही साऱ्या व्यवस्थेची कसोटी मानली. ज्याला आपण देवाने बोलावलेला म्हणतो त्याला कमी पैसे देणे हे पाप अधिक गंभीर आहे. तसेच ज्यांच्या लॅब आहेत त्यांनाही विचारतो: पेशंट पाठवला म्हणून डॉक्टरला जो कट द्यावा लागतो, तो कोणाच्या खिशातून जातो? आणि तो भरून काढण्यासाठी कुठे काटकसर होते? नळीतले रक्त सिंकमध्ये ओतून मनाने आकडे लिहिण्याला या धंद्यात 'सिंक टेस्ट' असे नावच आहे, हे मला त्या मुलीकडून कळले. खोट्या वजनमापांचा परमेश्वराला वीट आहे असे नीतिसूत्रे सांगतात. कागदावरचा खोटा आकडा हे खोटे वजनच. फरक एवढाच की इथे तांदूळ कमी भरत नाहीत.

तिने नोकरी बदलावी का, असेही तिने विचारले. मी म्हणालो, ज्या जागी खरे लिहिण्यासाठी रोज भांडावे लागते ती जागा सोडणे म्हणजे पाचारण सोडणे नव्हे. कधी कधी पाचारण टिकवण्यासाठीच जागा सोडावी लागते. तिने अजून ठरवलेले नाही. घरी कर्जाचे हप्ते आहेत, आणि हप्ते चुकवून शूर व्हा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. माझे जेवण धर्मग्राम देतो.

एक गोष्ट तिला सांगितली नाही, ती इथे लिहितो. काही वर्षांपूर्वी माझ्या आईची गाठ तपासायला पाठवली होती. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी मिस्सा अर्पण करत होतो, पण लक्ष फोनकडे असे. रिपोर्ट आला, उपचार वेळेत सुरू झाले, आई आज घरी भाजी निवडत बसते. डॉक्टरांना मी नाताळात केक नेऊन दिला. सिस्टरांच्या नावे मिस्सा सांगितल्या. पण त्या गाठीचा पापुद्रा कोणी कापला, काचपट्टी कोणी रंगवली, तिच्यावर माझ्या आईचे नाव कोणी जपून लिहिले, हे मी कधीच विचारले नाही. त्या तरुणीने तो प्रश्न ऑफिसात येऊन विचारेपर्यंत मला सुचलेही नाही.

येत्या १८ ऑक्टोबरला संत लूकचा सण आहे. दरवर्षी आपण त्या दिवशी डॉक्टर व नर्स यांना पुढे बोलावून आशीर्वाद देतो. यंदा लॅब, एक्स-रे आणि रक्तपेढीत काम करणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील सर्वांनी पुढे यावे. आपापल्या वॉर्डातील अशांची नावे प्रतिनिधींनी ऑफिसात द्यावीत. मला वाटते होते त्याहून ती बरीच जास्त निघतील. मिस्सा सकाळी सहाला ठेवली आहे. ती वेळ त्या मुलीनेच सुचवली. प्रवचन आटोपशीर ठेवा, फादर, असेही तिने बजावले आहे. सातला उपाशीपोटी आलेले लोक रांगेत उभे असतात.

तुमच्या प्रार्थनेची अपेक्षा करणारा,
प्रमुख धर्मगुरू